ताकद कमी पडते म्हणजे नेमकी कुठली?

सलग पाचशे बैठका मारणारा पैलवान खांद्यावर 120 किलोचा रॉड घेऊन खाली बसला की वर येताना अडकू शकतो. बेंचवर 100 किलो रेटणाऱ्याला बारला लटकवलं, तर पाचव्या पुलअपला त्याचे हात सुटू शकतात. दोघांपैकी कमजोर कुणीच नाही. रोज जे मागितलं गेलं तेवढंच दोघांच्या शरीरांनी शिकून घेतलं आहे. ‘अंगात रग आहे, पण दम नाही’ असं आपण सहज म्हणतो, त्यात हा फरक बरोबर पकडलेला आहे.

जुन्या तालमींनाही तो ठाऊक होता. जोर-बैठका दमासाठी, हौद्यातली माती खणणं पाठ-कंबरेसाठी, गदा आणि करेला (फिरवायचा जड लाकडी मुद्गल) खांद्या-मनगटांसाठी, दोर आणि मल्लखांब स्वतःचं वजन पेलण्यासाठी. जिममध्ये आल्यावर मात्र बहुतेकांच्या कार्डावर सगळ्याचं एकच उत्तर दिसतं: तीन सेट, बारा-बारा रेप्स (एका सेटमधली आवर्तनं). नवख्याला पहिले दोन-तीन महिने ते पुरतं. त्यानंतर आकडे अडकतात आणि मग सप्लिमेंटचा डबा घरी येतो. खरं तर तेव्हा गरज असते ती आपली कुठली ताकद कमी आहे हे तपासण्याची.

कामापुरते सहा प्रकार धरू. एकदाच जास्तीत जास्त वजन उचलणारी कमाल ताकद. कमीत कमी वेळात जोर लावणारी स्फोटक ताकद. तोच जोर पुन्हा पुन्हा लावत राहणारी दमाची ताकद. न हलता धरून ठेवणारी स्थिर ताकद. वजन खाली येताना त्याला आवरणारी रोखणारी ताकद. आणि स्वतःच्या वजनाच्या मानाने मोजलेली सापेक्ष ताकद. हे सहा वेगळे स्नायू नव्हेत. स्नायू तेच असतात, मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूम, लागणारं इंधन आणि मिळणारा वेळ बदलतो.

आधी मोजणी

चाचणीला दोन दिवस लागतात आणि मध्ये किमान 48 तासांचं अंतर ठेवा. आदल्या दिवशी पायांचा किंवा छातीचा व्यायाम करू नका. रक्तदाब, हर्निया, हृदयाचा त्रास किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाच्या वाटेला जाऊ नका.

त्याआधी एक क्षुल्लक वाटणारं काम: जिममधला रॉड वजनकाट्यावर ठेवा. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड 20 किलोचा आणि महिलांचा 15 किलोचा असतो. गल्लीतल्या जिममधले रॉड बरेचदा त्याहून हलके निघतात. 20 धरून हिशेब केला आणि रॉड 12 चा निघाला, तर सगळेच आकडे खोटे.

पहिल्या दिवशी उडीपासून सुरुवात करा, कारण थकलेल्या पायांनी उडीचा आकडा फसवा येतो. दहा मिनिटं अंग गरम करा. बोटांना खडू लावून भिंतीला बाजू करून उभे राहा आणि हात पूर्ण वर ताणून खूण करा. आता दोन तऱ्हेच्या उड्या मारा. पहिली: अर्धं बसून तीन सेकंद थांबा आणि तिथूनच, आणखी खाली न जाता, वर उडी घ्या. दुसरी: उभ्याने झटकन खाली जाऊन लगेच वर. प्रत्येकी तीन प्रयत्न करून सर्वांत उंच खूण धरा. दुसरी उडी काही सेंटिमीटरने जास्त यायला हवी. दोन्ही जवळपास सारख्या आल्या, तर स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) ताणून सोडलेल्या रबरासारखं काम करत नाहीत, म्हणजे स्फोटक बाजू कच्ची आहे. दोन्ही कमी असतील, तर बहुधा मुळात जोरच कमी आहे.

मग स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बसणं-उठणं, आणि नंतर त्याच रीतीने बेंच प्रेस, म्हणजे बेंचवर उताणं पडून रॉड छातीवरून वर रेटणं. एका रेपचं कमाल वजन थेट आजमावण्याची गरज नाही आणि नवख्याने तर ते करूच नये. ज्या वजनाला नीट पाच रेप्स होतात आणि सहावा होणार नाही असं वाटतं, ते वजन शोधा. नुसत्या रॉडने दहा रेप्स, अंदाजातल्या वजनाच्या 50 टक्क्यांवर पाच, 70 वर तीन, 85 वर एक, आणि मग खरा सेट. मिळालेल्या वजनाला (1 + रेप्स ÷ 30) ने गुणा. 60 किलोचे पाच रेप्स झाले, तर 60 × 1.167 म्हणजे साधारण 70 किलो ही तुमची कमाल. हे सूत्र दहा रेप्सच्या आत चांगलं चालतं, पुढे भरकटतं. रॅकच्या आडव्या दांड्या पूर्ण खाली बसल्यावर रॉड जिथे येतो त्याच्या किंचित खाली लावा आणि बेंच प्रेसला माणूस उभा करा. बेंचवर एकटे असाल तर प्लेटचं लॉक लावू नका, म्हणजे रॉड छातीवर अडकलाच तर एका बाजूला झुकवून प्लेट सोडता येतील.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 48 तासांच्या अंतरानंतर, सकाळी उपाशीपोटी वजन घ्या. नंतर हलकं खाऊन बेंच प्रेसच्या कमालीच्या 60 टक्के वजनाने, न थांबता, होतील तेवढे रेप्स करा. पंधरा ते वीस हा साधारण पट्टा आहे. दहा-बारातच हात भरले तर दम कमी आहे. पंचवीसच्या पुढे गेलात तर दम भरपूर आणि कमाल ताकद मागे आहे. पंधरा मिनिटांनी पुलअप, पूर्ण हात सरळ करून. शेवटी बारला नुसतं लटकणं आणि भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, दोन्हीची वेळ मोजा.

स्क्वॉटची कमाल भागिले शरीराचं वजन, ही तुमची सापेक्ष ताकद. वर्षभर नेटाने व्यायाम केलेल्या पुरुषाचा आकडा 1.25 ते 1.5 च्या आसपास आणि स्त्रीचा 1 च्या पुढे असावा, हा आमचा ठोकताळा. तो नियम म्हणून धरू नका.

कमाल ताकद: बाकीच्यांचं भांडवल

जड वजन उचलताना मेंदू आधी छोटे स्नायुतंतू कामाला लावतो आणि भार वाढला की मोठे. मोठ्या तंतूंना जागं करायला जड वजन तरी लागतं, नाहीतर पूर्ण वेगाने लावलेला जोर. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत दंडाचा घेर फारसा न वाढताही वजन झपाट्याने वाढतं, ते म्हणूनच: स्नायू तेवढेच राहतात, हुकूम नीट पोहोचायला लागतो.

पद्धत सोपी आहे, ती पाळणंच अवघड. कमालीच्या 80 ते 87 टक्के वजन, तीन ते पाच रेप्स, चार-पाच सेट, आणि दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती. इतका वेळ नुसतं बसून राहायची अनेकांना लाज वाटते, मागे रांग लागलेली असते. पण छोट्या, जोरकस कामाचं इंधन स्नायूत पुन्हा भरायला तेवढी मिनिटं लागतात. 45 सेकंदांत पुन्हा रॉडखाली गेलात, तर तुम्ही कमाल ताकदीच्या नावाखाली दमाचा व्यायाम करताय. प्रत्येक सेटला एक-दोन रेप्स शिल्लक ठेवा. रोज अगदी अडकेपर्यंत जाण्याने ढब बिघडते आणि ती बिघडलेली ढबच अंगात मुरते.

वाढ अशी: सगळे सेट पूर्ण झाले की पुढच्या वेळी स्क्वॉटला आणि डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उभं राहत उचलणं) 2.5 किलो, बेंच आणि खांद्याच्या प्रेसला त्याच्या निम्मं. जिममध्ये सर्वांत लहान प्लेट 2.5 ची असेल, तर दोन्ही बाजू मिळून पाच किलो वाढतात. खांद्याच्या प्रेसला ही उडी फार मोठी, आणि खांदा दुखावण्याचं एक कारण हेच. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घ्या. प्रेसला तर त्याही एकदम न वाढवता, आधी एक-एक रेप वाढवून मग लावा. दर चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात सेट निम्मे करा. स्नायूपेक्षा कंडरा आणि हाडं एकमेकांना बांधणारे अस्थिबंध सावकाश घट्ट होतात, त्यांना हा आठवडा हवा असतो.

ज्याने कधीच वजन उचललेलं नाही त्याने पहिले दोन-तीन महिने आठ-दहा रेप्सवरच राहावं. कमाल ताकद तेवढ्यानेही वाढते.

स्फोटक ताकद: थकलात की थांबा

पूर्ण जोर लावायला स्नायूला साधारण 0.3 सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. वेगाने धावताना पाऊल जमिनीवर जेमतेम 0.1 सेकंद टेकतं. म्हणजे तुमच्याकडे जोर कितीही असो, तेवढ्या क्षणात त्यातला किती वापरता आला यावर 100 मीटर ठरतं. जड वजन हळूच हलतं आणि वेगात हलतं ते हलकं असतं, ही स्नायूची जन्मजात अट आहे. म्हणून दोन्ही टोकांकडून सराव लागतो.

जागेवरून लांब उडी, खोक्यावर उडी, भरलेला चेंडू छातीपासून फेकणं, केटलबेल (कडीवाला लोखंडी गोळा) पायांमधून झुलवणं, 30 ते 60 टक्के वजनाने झपकन केलेला स्क्वॉट. तीन ते पाच रेप्स, पाच-सहा सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं. नवख्याने एका दिवसात पायाचे जमिनीवर टेकण्याचे प्रसंग 40 ते 60 च्या आत ठेवावेत, आठवड्यातून दोनदा. उडी कमी व्हायला लागली, आवाज वाढला, गुडघे आत झुकले, की त्या दिवसापुरतं संपलं. चांगलं उतरणं जवळजवळ बिनआवाजाचं असतं. सिमेंटवर नको, मातीवर किंवा गवतावर करा.

इथली सर्वांत मोठी गफलत म्हणजे घामाला पुरावा मानणं. सलग तीस बॉक्स जंप मारले की घाम निथळतो, छान वाटतं, पण पंधराव्या उडीनंतर वेग गेलेला असतो आणि शरीर हळू उडायला शिकत असतं. स्फोटक सराव नीट झाला तर संपताना तुम्ही ताजेतवाने असता. ‘आज काही झालंच नाही’ असं वाटेल. वाटू द्या.

दमाची ताकद, म्हणजे जोर-बैठकांचं राज्य

कमी भाराचं काम वारंवार केलं की स्नायूत केशवाहिन्या वाढतात, पेशीतले ऊर्जा तयार करणारे घटक वाढतात आणि जळजळ सोसून काम चालू ठेवण्याची क्षमता येते. त्यासाठी हलका भार आणि कमी विश्रांती हेच सूत्र.

समजा तुमचे जास्तीत जास्त 20 जोर होतात. रोज 20 मारून थांबू नका. दहा-दहाचे सहा सेट, मध्ये 45 सेकंद. दर आठवड्याला विश्रांती पाच सेकंदांनी कमी करा. 20 सेकंदांवर आलात की दहाचे बारा करा आणि पुन्हा 45 पासून सुरू. सहा-आठ आठवड्यांत सलग होणारे जोर आपोआप वाढतात. जोर मारताना कंबर मध्येच लोंबली, की खांद्यांचा भार कण्यावर जातो. तिथेच सेट तोडा. बैठकीत टाच उचलून पंजावर जाणं ही पारंपरिक रीत असली, तरी गुडघ्यावर ताण जास्त येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा वजन जास्त असलेल्यांनी टाच टेकवून, मांडी आडवी होईपर्यंतच बसावं.

पन्नास बैठका सहज होत असतील, तर पुढच्या साडेचारशेने कमाल ताकद वाढत नाही, दम आणि चिकाटी वाढते. कुस्तीत ती लागतेच. पण 120 चा रॉड उचलायचा असेल, तर तो रस्ता वेगळा.

धरून ठेवणं आणि आवरणं

दहीहंडीत सर्वांत खालच्या थरातला माणूस हलत नाही आणि तरी सगळ्यांत जास्त थकतो. स्थिर ताकदीची गंमत अशी, की ती बहुतांशी ज्या कोनात कमावली त्याच्या आसपासच, साधारण 15-20 अंश इकडेतिकडे, कामी येते. भिंतीला टेकून काटकोनात मिनिटभर बसणारा अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यांवर तेवढा टिकेलच असं नाही. म्हणून तीन उंचींवर धरा: थोडं वाकून, अर्धं वाकून, मांडी आडवी. प्रत्येकी 20 ते 30 सेकंद, दोन-तीन फेऱ्या. प्लँक (कोपर आणि पंजांवर अंग सरळ धरणं) दोन मिनिटांच्या वर नेण्यात फारसं हशील नाही, त्याऐवजी पाठीवर पाच किलोची प्लेट ठेवून 30 सेकंद धरा. श्वास अजिबात कोंडू नका, धरून ठेवण्याच्या व्यायामात रक्तदाब झटकन चढतो.

पकडही यातलीच. 20 लिटरच्या पाण्याच्या दोन कॅन घेऊन 30 मीटर चाला, चार फेऱ्या. एका कॅनचं पाणीच 20 किलो असतं. पुलअप बारवर टॉवेल टाकून त्याला लटकलात तर कबड्डीतल्या पकडीच्या जवळचा सराव होतो. पकड मात्र नेहमी सत्राच्या शेवटी करा, आधी केली तर डेडलिफ्ट हातातून निसटतो.

रोखणाऱ्या ताकदीची ओळख गड उतरताना होते. 1646 मीटरचं कळसूबाई चढताना धाप लागते आणि मांड्या दुखतात त्या उतरल्यावर, त्याही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना लांबत लांबत ब्रेक लावतो. लांबताना तो जास्त भार पेलतो, पण तंतूंना बारीक इजाही जास्त होते. दुखण्याचं खापर लॅक्टिक अॅसिडवर फोडलं जातं, ते तर तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं.

एकदा असा ताण दिला की पुढचे काही आठवडे शरीर त्याच कामाला बरंच कमी दुखतं. याचा फायदा घ्या. ट्रेकच्या दहा-बारा दिवस आधी पायऱ्या उतरण्याचा सराव करा: एका पायरीवर उभं राहून दुसरं पाऊल तीन-चार सेकंदांत सावकाश खाली टेकवा, प्रत्येक पायाला दहा वेळा, तीन सेट. तीन दिवसांनी पुन्हा. मग ट्रेकपर्यंत पायांना आराम. पहिल्याच दिवशी उत्साहाने शंभर केलेत तर ट्रेकच रद्द होईल. आणि कुठल्याही अतिरेकी व्यायामानंतर स्नायू प्रचंड सुजून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठा. तो मूत्रपिंडाला धोका असतो.

एकही पुलअप होत नसेल तर हीच ताकद दार उघडते. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवा, पाय सोडा आणि पाच सेकंदांत खाली या. तीन-तीनचे चार सेट, आठवड्यातून दोनदा. खाली येणं आठ सेकंद चालायला लागलं, की वर जाण्याचा पहिला प्रयत्न करून पाहा.

वजनाच्या मानाने

60 किलोचा मुलगा 90 किलोचा स्क्वॉट मारतो आणि 90 किलोचा माणूस 120 चा. रॉडवर दुसरा भारी, पण गुणोत्तर पहिल्याचं 1.5 आणि दुसऱ्याचं 1.33. मल्लखांबावर, दोरावर, कड्यावर पहिलाच पुढे जाईल. शरीर मोठं होतं तेव्हा वजन ताकदीपेक्षा लवकर वाढतं, म्हणून पुलअपमध्ये अवाढव्य माणसं क्वचित दिसतात. सापेक्ष ताकद हवी असेल तर कमी रेप्सचा जड सराव ठेवा आणि चरबी असेल तर सावकाश उतरवा, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. उपास करून घाईने पाच किलो घालवले, तर त्यात स्नायूही जातात आणि गुणोत्तर होतं तिथेच राहतं.

भरतीच्या मैदानाचं उदाहरण

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.26 किलोचा गोळा असतो, मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा. एकाच सकाळी शरीराकडे तीन वेगळ्या मागण्या. अनेक मुलं वर्षभर फक्त धावतात आणि गोळ्याला गुण सोडतात. 60 किलोच्या मुलाला 7.26 किलोचा गोळा जड वाटतो तो कमाल ताकद कमी असल्यामुळे. आधी पाय आणि खांदे कमवल्याशिवाय नुसता गोळा फेकत राहून अंतर फार वाढत नाही, उलट कोपर दुखायला लागतं.

बारा आठवडे हातात असतील तर पहिले सहा कमाल ताकदीला द्या. सोमवारी आणि गुरुवारी स्क्वॉट, खांद्याची प्रेस आणि डेडलिफ्ट, पाच-पाच रेप्स. डेडलिफ्ट सोमवारी एकच जड सेट, गुरुवारी हलका. मंगळवारी आणि शनिवारी धावणं, बुधवारी गोळ्याचं तंत्र फक्त, दहा-बारा फेकी. पुढचे चार आठवडे वजनाचे सेट निम्मे करून त्या सेटच्या आधी उड्या, चेंडूफेक आणि 30 मीटरचे चार-पाच स्प्रिंट घाला. शेवटच्या दोन आठवड्यांत सगळ्याचं प्रमाण साधारण निम्मं, वेग मात्र पूर्ण. लांब धावणं आणि जड पाय एकाच दिवशी आले, तर मध्ये सहा तास तरी जाऊ द्या.

एका सत्रातला क्रम कुणासाठीही तोच: अंग गरम करणं, मग उडी किंवा फेक, मग जड वजन, मग दमाचं काम, शेवटी पकड. उलटा क्रम लावला तर थकलेल्या मज्जासंस्थेकडून वेग मागितला जातो, आणि मांडीचा मागचा स्नायू बहुधा अशाच वेळी ओढला जातो.

आठ आठवड्यांनी सुरुवातीची चाचणी पुन्हा घ्या: तीच वेळ, तेच बूट, तोच रॉड. कमाल वाढली आणि 60 टक्क्यांवरचे रेप्स कमी झाले, तर घाबरू नका. ते 60 टक्के आता नव्या, मोठ्या आकड्याचे आहेत, जुन्याच वजनाने करून पाहा. उडी आणि स्क्वॉट दोन्ही घसरले, तर वजन वाढवण्याआधी झोप आणि जेवण तपासा. फक्त उडी अडली असेल, तर जड दिवसांतला एक कमी करून तो उड्यांना द्या.